पाण्यात साठविलेली वीज

धान्य आले की कणगीत भरावे, कडबा आला की गंजी रचावी आणि गरज पडेल तसे काढावे, ही रीत शेतकऱ्याच्या अंगवळणी पडलेली आहे. विजेचे तसे नाही. ती निर्माण होते त्याच क्षणी वापरावी लागते. कोळशाच्या केंद्रात मागणीप्रमाणे कोळसा कमी-अधिक जाळून मेळ घालता येतो. सूर्य मात्र कोणाच्या मागणीप्रमाणे तळपत नाही. सौर वीज दुपारी भरपूर मिळते आणि दिवेलागणीस, म्हणजे मागणी वाढते नेमक्या त्याच वेळी, ती थांबते.

महाराष्ट्रात २०१७ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा हेतू कृषिपंपांना दिवसा वीज मिळावी हा आहे. ज्या वाहिन्यांवर पाळीने रात्रीची वीज येते, तेथे शेतकऱ्यास काळोखात, साप-विंचवांच्या आणि जुन्नरकडे तर बिबट्याच्या भीतीत दारे धरावी लागतात. दिवसाच्या सौर विजेने हे संकट टळते. तथापि आभाळ भरून आले म्हणजे पंप मंदावतो. आणि संध्याकाळचे दूध थंड ठेवण्यास, पिठाच्या गिरणीस व घरातील दिव्यांस सूर्यास्तानंतरच वीज हवी असते. यास्तव दुपारची वीज मोठ्या प्रमाणावर साठवावी कशात, हा प्रश्न शेतकऱ्याच्याही जिव्हाळ्याचा आहे.

पाण्यावर आधारलेली बॅटरी ही काही नवलाची वस्तू नव्हे. ट्रॅक्टर सुरू करणारी बॅटरी तीच होय. फ्रान्समधील गास्तों प्लांते यांनी १८५९ साली तिचा शोध लावला. सौम्य गंधकाम्लात, म्हणजे आम्ल मिसळलेल्या पाण्यात, शिशाच्या प्लेटा बुडविलेल्या असतात. वीज भरताना प्लेटांवरील द्रव्ये एक रूप घेतात, वीज देताना दुसरे. मात्र भरण अधिक झाले की पाण्याचेच विघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन वायू बाहेर पडतात. बॅटरीतील पाणी उतरते ते मुख्यतः यामुळे, आणि बॅटरी भरत असताना जवळ विडी ओढू नये असे सांगतात तेही यामुळेच.

पाण्याच्या या विघटनातच अशा सर्व बॅटऱ्यांची मर्यादा आहे. शास्त्राच्या हिशेबाने १.२३ व्होल्टपुढे पाणी फुटू लागते. शिशावर वायू फार सावकाश निर्माण होतो, म्हणून तेथे एका घटातून २ व्होल्ट मिळू शकतात. लिथियमच्या घटात साडेतीन व्होल्टपर्यंत मजल जाते. पण त्यासाठी पाणी वगळून ज्वालाग्राही द्रव वापरावा लागतो. त्यामुळे लिथियम बॅटरी हलकी व आटोपशीर होते, आणि बिघडल्यास पेटही घेते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, भाजीपाल्याच्या शेतांनी वेढलेल्या मॉस लँडिंग या गावी, लिथियम बॅटऱ्यांच्या मोठ्या साठवण केंद्रास १६ जानेवारी २०२५ रोजी आग लागली. आसपासच्या हजाराहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली, आणि नंतर जवळच्या पाणथळ जमिनीच्या वरच्या थरात निकेल, कोबाल्ट व मँगनीज या धातूंचे प्रमाण वाढलेले आढळले. मोटारगाडीस हलकेपणा हवा हे खरे. परंतु उपकेंद्राच्या आवारात एकाच जागी वीस वर्षे उभ्या राहणाऱ्या बॅटरीचे वजन कोण विचारतो? तेथे आग न लागणे अधिक मोलाचे.

अशा कामासाठी ऑस्ट्रेलियातील न्यू साऊथ वेल्स विद्यापीठात मारिया स्कायलास-काझाकोस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात व्हॅनेडियमची प्रवाही बॅटरी सिद्ध केली. तिची रचना शेतकऱ्यास चटकन उमगेल. दोन मोठ्या टाक्यांत व्हॅनेडियम धातूचे क्षार विरघळविलेले आम्लयुक्त पाणी असते. पंप ते द्रव मधल्या घटसंचातून फिरवितात; तेथे एका पातळ पडद्याच्या दोन्ही बाजूंनी ते वाहतात आणि विजेची देवघेव होते. एका टाकीतील द्रव जांभळ्याचा हिरवा होतो, दुसरीतील पिवळ्याचा निळा; भरण करताना हेच उलट घडते. विजेचा जोर घटसंचाच्या आकारावर ठरतो, साठा टाकीच्या आकारावर. मोटार तीच ठेवून विहीर खोल करावी, तसे येथे टाकी वाढवून अधिक तासांची वीज साठविता येते. दोन्ही बाजूंस धातू एकच असल्याने द्रव थोडेबहुत मिसळले तरी कायमचे नासत नाहीत.

चीनमधील दालियन येथे २०२२ साली या प्रकारचे १०० मेगावॉटचे केंद्र वीजजाळ्यास जोडले गेले. त्याचा साठा ४०० मेगावॉट-तास, म्हणजे ४ लक्ष युनिटांचा आहे. पाच अश्वशक्तीचा पंप आठ तासांत साधारण ३० ते ३५ युनिटे घेतो. त्या हिशेबाने सुमारे १२ हजार पंपांची एका दिवसाची वीज तेथे मावते.

दोष नाहीत असे नव्हे. व्हॅनेडियम महाग आहे. घातलेल्या शंभर युनिटांपैकी सत्तर ते ऐंशीच परत मिळतात. लिथियम याहून अधिक परत देते. आमच्या मते आपल्याकडे मोठी अडचण उन्हाळ्याची आहे. द्रवाचे तापमान ४० अंशांच्या वर फार काळ राहिल्यास पिवळ्या द्रवातील व्हॅनेडियम गाळ होऊन बसू लागते. विदर्भातील वैशाख ध्यानात घेता टाक्यांस सावली व द्रवास थंडाव्याची सोय अपरिहार्य ठरेल, आणि तो खर्च किंमतीत धरलाच पाहिजे.

स्वस्त द्रव्यांचाही शोध चालू आहे. भाताच्या खैरा रोगावर जे झिंक सल्फेट आपण देतो, त्याच्याच पाण्यातील द्रावणावर जस्ताच्या बॅटऱ्या चालविल्या जात आहेत. भरण-उपसा वारंवार झाल्यावर जस्तावर सूक्ष्म सुया वाढतात व मधला पडदा भेदतात, हे तेथील दुखणे. सूक्ष्म अन्नद्रव्य म्हणून परिचित असलेले मँगनीज सल्फेट घेऊन अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात यी क्वी यांच्या गटाने २०१८ साली जेमतेम तीन इंच उंचीची बॅटरी बनविली. ती दहा हजार वेळा भरली-उपसली तरी टिकली, असे त्यांनी प्रसिद्ध केले. प्रयोगशाळेतील तीन इंच आणि उपकेंद्रातील टाक्या यांत अंतर फार आहे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांस शेतकरी विचारतील की, ही बॅटरी विहिरीवर बसवावी काय. सध्या तरी नाही, असे स्पष्ट सांगावे. तिची जागा उपकेंद्रात आहे, बांधावर नव्हे. सौर पंप असेल त्याने दुपारच्या विजेने पाणी उपसून उंचावरील टाकीत वा शेततळ्यात साठवावे आणि सोयीच्या वेळी उताराने द्यावे. यापेक्षा स्वस्त साठवण पंपासाठी आज नाही. दिव्यांसाठी शिशाची बॅटरी असल्यास तीत केवळ शुद्ध ऊर्ध्वपातित पाणी घालावे, विहिरीचे कदापि नाही, कारण त्यातील क्षार प्लेटा खराब करतात. आणि जुनी बॅटरी घरामागे फोडून शिसे काढू देऊ नये. ते शिसे माती व विहिरीत उतरते आणि लहान मुलांच्या मेंदूस अपाय करते. ती विक्रेत्याकडेच परत द्यावी.