सात मतं कुणाची?

निवडणुकीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी गावात एक कागद फिरतो. कुठल्या मतदान केंद्रावर कुणाला किती मतं पडली, याचा. पूर्वी तो मोजणीला बसलेल्या प्रतिनिधीच्या वहीतून उतरवून आणत, आता मोबाइलवर फोटो येतो. पाटण खोऱ्यातल्या एका गावात मी शिक्षिका होते, तेव्हा पारावर हा कागद वाचला जाताना ऐकला. गावाने एका उमेदवाराला शब्द दिला होता. त्याला चारशेच्या वर मतं पडली होती आणि समोरच्याला सात. चारशेंबद्दल कुणी तोंड उघडलं नाही. विचारणा एकच, ही सात फुटली कुठून?

मग बोटांवर नावं मोजली गेली. बांधावरून भावकीशी वाद असलेला वरच्या आळीचा एक जण. मतदानापुरती मुंबईहून आलेली दोन पोरं. नवऱ्याचं घर सोडून माहेरी राहिलेली एक बाई. पुरावा कसलाच नव्हता. तरी त्या पावसाळ्यात वरच्या आळीच्या त्या माणसाच्या भातलावणीला पैऱ्याला कुणी गेलं नाही. त्याने मत कुणाला दिलं, हे आजही कुणाला ठाऊक नाही. मलाही नाही, आणि ते ठाऊक नसणं हाच त्याचा हक्क आहे.

जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी म्हणजे निवडणुकीचं काम आलंच. मी मतदान अधिकारी होते, पुढे केंद्राध्यक्ष झाले. आदल्या दिवशी तालुक्याला साहित्य ताब्यात घ्यायचं, एसटीने केंद्रावर जायचं, वर्गातले बाक हलवून पुठ्ठ्याचा मतदान कक्ष उभा करायचा. तो खिडकीकडे तोंड करून लागला नाही ना, हे मी बाहेर जाऊन पुन्हा पुन्हा पाहत असे. प्रशिक्षणात आम्हाला लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२८ वाचून दाखवत. मताची गुप्तता मोडली तर तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्याच कायद्याचं कलम ९४ सांगतं, की तुम्ही कुणाला मत दिलं हे कोर्टसुद्धा तुम्हाला सांगायला लावू शकत नाही. एका माणसाच्या मनातल्या गोष्टीला देशाने एवढं मोठं कुंपण घातलं आहे, याचा मला फार अभिमान वाटे.

एकदा मतदानाच्या दिवशी दुपारच्या सुमारास एक आजी आली. डोळ्यांत मोतीबिंदू. पुतण्या हात धरून सोबत. “बाई, हिला दिसत नाही, मी दाबतो बटण.” अंध किंवा अपंग मतदाराला सोबती घेता येतो, पण त्यासाठी मतदाराने तसं सांगावं लागतं, सोबत्याकडून प्रतिज्ञापत्र घ्यावं लागतं, आणि एका माणसाला त्या दिवशी एकाच मतदाराचा सोबती होता येतं. मी आजीलाच विचारलं, “आजी, सोबत कुणाला न्यायचंय का?” ती म्हणाली, “कुनाला नगं. वरनं कितवं बटान, ते ठावं हाय मला.” पुतण्या बाहेर थांबला. आजी चाचपडत कक्षापर्यंत गेली, बोटाने बटणं मोजली, दाबलं, यंत्राचा आवाज झाला, आली. दाराशी पुतण्याने विचारलं, “कुणाला गं?” तिने उत्तर दिलं नाही. पदर सावरून पुढे चालू लागली.

आपल्याकडे घर, भावकी, आळी, जात, गाव यांच्याशिवाय माणूस उभा राहत नाही. लग्न, मयत, लावणी, दवाखाना, सगळं त्यांच्याच आधारावर चालतं. अशा माणसाला काही वर्षांतून एकदा ते सगळं दाराबाहेर ठेवून एकट्याने आत जायला सांगायचं, हे राज्यघटनेने केलं. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेब आंबेडकरांनी स्पष्टच सांगितलं, की या मसुद्याने गावाला नव्हे तर व्यक्तीला घटक मानलं आहे आणि याचा त्यांना आनंद आहे. पुष्कळांना ते रुचलं नव्हतं. गाव म्हणजे काय, हे गावकुसाबाहेर राहिलेल्या समाजाला जेवढं कळतं, तेवढं आत राहणाऱ्याला कळत नाही.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या होत होत्या तेव्हा उत्तरेकडच्या राज्यांत लाखो बायकांनी स्वतःचं नावच सांगितलं नाही. अमक्याची बायको, तमक्याची मुलगी, एवढंच. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी तशा नोंदी धरल्या नाहीत. सुमारे २८ लाख बायकांना त्या वेळी मत देता आलं नाही. मला हे वाचून आधी वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पण सेन यांचा आग्रह मला पटतो. मत घराण्याला नाही, तिला आहे, आणि तिला नाव आहे.

गुप्तताही पुढे हळूहळू आणखी पक्की होत गेली. कुणालाच मत द्यायचं नसेल तर पूर्वी तसं आमच्यासमोर सांगावं लागे. आम्ही नोंदवहीत त्याच्या नावापुढे शेरा लिहून सही घेत असू, आणि सगळ्या पक्षांचे प्रतिनिधी हाताच्या अंतरावर बसलेले असत. म्हणजे नकार देणारा सगळ्यांसमोर उघडा. सप्टेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘नोटा’चं बटण द्यायला लावलं ते याच मुद्द्यावर. नकारसुद्धा गुप्त राहिला पाहिजे.

एवढं सगळं करून आपण एक दार उघडं ठेवलं आहे, आणि पारावरचा तो कागद त्याच दारातून बाहेर येतो.

कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा, जिथे मतदारांना धाक दाखवला जाण्याची किंवा नंतर त्रास दिला जाण्याची भीती असेल, तिथे वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मग मोजायच्या, अशी तरतूद होती. निवडणूक नियमांत ती ५९-अ या क्रमांकाने आहे. २००४ च्या लोकसभेला देशभर यंत्रं आली आणि प्रत्येक केंद्राचा आकडा वेगळा दिसू लागला. शहरात हजारभर मतदारांच्या केंद्रात कोण कुणाला ओळखतो? वाडीवस्तीच्या केंद्रावर तीन-चारशे मतदार असतात, आणि घर न् घर माहीत असतं. मत गुप्त राहतं, वस्तीचं मत मात्र चव्हाट्यावर येतं. मग पुढाऱ्याने आकडा पाहून रस्ता अडवायचा, आणि गावाने आकडा पाहून फुटलेला शोधायचा.

यावर उपायही तयार आहे. निवडणूक आयोगाने २००८ मध्ये ‘टोटलायझर’ सुचवला. चौदा यंत्रं एकत्र जोडायची आणि त्यांची फक्त बेरीज पाहायची. विधी आयोगाने मार्च २०१५ च्या आपल्या २५५व्या अहवालात तीच शिफारस केली. केंद्र सरकारने ती मानली नाही. केंद्रवार आकड्यांवरून आपण कुठे कमी पडलो हे पक्षांना कळतं, असं सांगून या नकाराचं समर्थन केलं जातं. पक्षांची ही सोय मला कळते. त्या सोयीची किंमत वरच्या आळीच्या माणसाने का मोजायची, हे मात्र मला कुणी समजावून सांगितलेलं नाही.

सगळ्यांनी मिळून मत ठरवण्याची दुसरी बाजूही मी जवळून पाहिली आहे. आमच्या शाळेच्या मागे चाळीस घरांची वस्ती होती. नळ नव्हता. वर्षानुवर्षं एकेकट्याने अर्ज केले, काही झालं नाही. मग वस्तीने एकत्र बसून ठरवलं, जो नळ आणेल त्यालाच मत. पुढच्या निवडणुकीआधी पाइप पडले. दुबळ्याकडे एकीशिवाय दुसरं हत्यार नसतं. एकगठ्ठा मत म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी त्या वस्तीत हंडा घेऊन चालून पाहावं. एकत्र बसून ठरवण्यात गैर काहीच नाही. ठरलेलं एखाद्याला नाही पटलं, तर त्याला कक्षात जाऊन वेगळं बटण दाबता यावं आणि बाहेर आल्यावर त्याच नळावर पाणी भरता यावं, एवढंच माझं मागणं आहे.

बिनविरोध ग्रामपंचायतीचं कौतुक होतं तेव्हाही मला हीच शंका येते. खर्च वाचतो, भांडणं टळतात, हे खरं. पण अर्ज मागे घ्यायला लावलेल्या माणसाचं काय? जानेवारी २०२१ मध्ये राज्यात १४ हजारांहून अधिक ग्रामपंचायतींच्या निवडणुका होत्या. नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे इथे सरपंचपदाचा लिलाव झाला आणि बोली दोन कोटींच्या पुढे गेली. नंदुरबारच्या खोंडामळीत ती ४२ लाखांवर थांबली. उमराण्याचा पैसा मंदिरासाठी होता, म्हणजे वरवर गावाच्याच भल्याचा. राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही गावांची निवडणूक प्रक्रिया रद्द केली. ते फार योग्य झालं. त्याच महिन्यात, एरवी बिनविरोध निवड होणाऱ्या हिवरे बाजार या गावात सुमारे तीस वर्षांनी मतदान झालं. गावाचं नेतृत्व करणाऱ्या पोपटराव पवारांच्या पॅनेलने सातही जागा जिंकल्या. मतदान झालं म्हणून गावाचं काही बिघडलं नाही. उलट ज्याला विरोध करायचा होता त्याने तो केला आणि ज्यांना पाठिंबा द्यायचा होता त्यांचा पाठिंबा मोजला गेला.

अलीकडचं उदाहरण मला सगळ्यात अवघड वाटतं. माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीच्या लोकांनी डिसेंबर २०२४ मध्ये स्वतःच मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घ्यायचं ठरवलं होतं. विधानसभा निवडणुकीत त्यांना अपेक्षित उमेदवार मतदारसंघात जिंकला, पण गावात मागे पडला. आमचं गाव असं मत देणारच नाही, तेव्हा यंत्रात खोट असणार, असं त्यांचं म्हणणं होतं. प्रशासनाने जमावबंदी लावली, मतदान झालं नाही. यंत्राबद्दल शंका घेणं हा नागरिकाचा हक्क आहे, आणि शंकेला लाठीने उत्तर देता येत नाही. पण मी केंद्राध्यक्ष म्हणून विचार करत राहिले. समजा त्या गावात काही जणांनी खरोखर दुसरं बटण दाबलं असेल. ते त्या दिवशी सगळ्या गावादेखत पुन्हा रांगेत कसे उभे राहिले असते? आणि आलेच नसते, तर न आलेल्यांची यादी झाली नसती का?

केंद्रवार आकडे झाकले तर यंत्राची तपासणी कशी करायची, असं मला काही जण विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष एकूण किती मतं नोंदली गेली ते १७-सी या नमुन्यात लिहून प्रत्येक प्रतिनिधीला देतो. मोजणीच्या दिवशी ती संख्या यंत्राशी ताडून पाहता येते, आणि त्यासाठी कुणाला किती पडली हे वस्तीनिहाय सांगावं लागत नाही. मत दिल्यावर यंत्राशेजारी छापल्या जाणाऱ्या, चौदा केंद्रांच्या चिठ्ठ्या एकत्र करून त्यांची बेरीज यंत्रांच्या बेरजेशी जुळवणंही अशक्य नाही. तपासणी हवी तेवढी कडक करा, चिठ्ठ्या जास्त मोजा, माझी हरकत नाही.

यासाठी घटना बदलायची नाही, संसदेत नवा कायदाही आणायचा नाही. निवडणूक नियम १९६१ केंद्र सरकारने आयोगाशी विचारविनिमय करून केलेले आहेत आणि सरकार ते अधिसूचना काढून बदलू शकतं. विधी आयोगाने ६६-अ या नियमातली दुरुस्तीही सुचवून ठेवली आहे. मत मागायला जे दारात येतात, त्यांना रस्ता, पाणी, दिवाबत्ती याबरोबर हेही विचारा, की आमच्या वाडीचा आकडा तुम्ही झाकणार आहात का.