गॅरेजमधले शिळे पेट्रोल

एप्रिलमधल्या पहिल्या उबदार शनिवारी आपल्यापैकी अनेकजण गॅरेजमध्ये दोरी ओढून ओढून खांदा दुखवून घेतात. लॉनमोअर खोकतो, पण सुरू होत नाही. दोष बहुधा इंजिनाचा नसतो. ऑक्टोबरपासून टाकीत राहिलेल्या पेट्रोलचा असतो.

अमेरिकेत पंपावर मिळणाऱ्या बहुतेक पेट्रोलमध्ये सुमारे १० टक्के इथेनॉल असते. ते हवेतला ओलावा ओढून घेते. पाणी पुरेसे साठले की ते इथेनॉलसह पेट्रोलपासून सुटते व तळाशी बसते, आणि इंजिन इंधन घेते ते तळातूनच. शिवाय कार्बुरेटरच्या वाटीतले पेट्रोल उडून जाऊन मागे राळेसारखा चिकट थर राहतो. तिथल्या जेटचे छिद्र एक मिलिमीटरहूनही बारीक. ते बुजायला कितीसा वेळ!

म्हणून शेवटची कापणी झाली की ताज्या पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर घालून यंत्र दहा मिनिटे चालवावे, म्हणजे तो कार्बुरेटरपर्यंत पोचतो. जुन्या पेट्रोलमध्ये घालणे म्हणजे नासलेल्या दुधाला विरजण लावणे. तेल इंजिन कोमट असतानाच बदलावे. पात्याजवळ हात नेण्यापूर्वी स्पार्क प्लगची वायर काढावी आणि मोअर कलंडताना एअर फिल्टरची बाजू वर ठेवावी. (डॉक्टरेट असूनही हे मला तेलाने भिजलेल्या फिल्टरने शिकवले.)

जनरेटरचेही तेच, पण तो हिमवादळात वीज गेल्यावरच आठवतो. महिन्यातून एकदा थोडा भार देऊन चालवून पाहावा. मात्र बाहेर, घरापासून किमान २० फूट लांब. गॅरेजचे दार सताड उघडे असले तरी आत नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.