ओळख मेंदूची (लेखांक १२) : ताटाची डावी बाजू

अर्धांगवायूनंतर काही रुग्णांच्या जेवणात एक विचित्र प्रकार दिसतो. उजवीकडची भाजी, आमटी संपते. डावीकडची चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड जशीच्या तशी राहते. वर ‘आज चटणी का वाढली नाही?’ अशी तक्रार. घरच्यांना वाटतं, स्वभाव हट्टी झालाय, नाहीतर चष्म्याचा नंबर तरी बदललाय.

खरं कारण बरेचदा मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागातल्या इजेत असतं. दृष्टी शाबूत असूनही डावीकडच्या जगाची दखल घेणं थांबतं. न्यूरोसायकॉलॉजिस्ट याला ‘निग्लेक्ट’ म्हणतात. ज्याची नुसती डावीकडची नजर गेली आहे, तो निदान मान वळवून पाहतो. निग्लेक्टच्या रुग्णाला तिकडे पाहायचं राहिलंय हेच उमगत नाही. समजावून सांगितलं तरी पटत नाही, आणि इथेच घरात खटके उडतात.

इटलीतल्या मिलान शहरात एदोआर्दो बिझियाक आणि क्लाउदिओ लुत्साती यांनी दोन रुग्णांना तिथल्या प्रसिद्ध कॅथेड्रलचा चौक आठवायला सांगितला. चौकात कॅथेड्रलकडे तोंड करून उभे आहात असं समजा म्हटल्यावर त्यांनी मुख्यतः उजवीकडच्या इमारती सांगितल्या. मग कॅथेड्रलच्या दाराशी उभं राहून उलट्या दिशेनं पाहताय अशी कल्पना करायला लावली, तेव्हा आधी गाळलेल्या इमारती आपसूक आल्या आणि सांगितलेल्या गळाल्या! म्हणजे आठवण जागेवर होती, तिची डावी बाजू तेवढी हाती लागत नव्हती. १९७८ सालचं हे संशोधन मला आजही थक्क करतं.

तपासणीला लागतो कागद आणि पेन्सिल. आडव्या रेघेचा मध्य दाखवा, पानभर विखुरलेल्या रेघा खोडा, घड्याळ काढा. रुग्ण मध्य बराच उजवीकडे दाखवतो, घड्याळाचे बारा आकडे कधी उजव्या अर्ध्यातच कोंबतो. स्कॅनमध्ये इजा कुठे आहे ते दिसतं. रोजच्या जगण्यात काय अडतंय ते या कागदावर उमटतं.

उपचारात डावीकडे शोधत जायची सवय लावतात. वाचताना समासाशी लाल पट्टी लावायची आणि ती दिसल्याशिवाय ओळ सुरू करायची नाही. १९९८ मध्ये फ्रान्समधल्या इव्ह रोसेत्ती यांच्या गटानं दृश्य दहा अंश उजवीकडे सरकवणारा चष्मा घालून रुग्णांना बोटानं नेम धरायला लावलं. चष्मा काढल्यावर किमान दोन तास डावीकडची दखल सुधारलेली दिसली. नंतरच्या अभ्यासांत मात्र रोजच्या व्यवहारातला फायदा कधी दिसला, कधी नाही. त्यामुळे केवळ चष्म्याच्या भरवशावर राहू नये.

घरच्यांनी गप्पा मारताना रुग्णाच्या डावीकडे बसावं. मदतीची घंटा, फोन आणि पाणी मात्र उजवीकडेच ठेवावं. तिथे सरावाचा हट्ट नको. रस्ता ओलांडू देण्यापूर्वी आणि गाडीची किल्ली परत देण्यापूर्वी ही तपासणी झाली आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.