बंपर फुटला: सांधायचा की बदलायचा?

पार्किंगमधला खांब, सिग्नलला मागून येऊन धडकलेली दुचाकी, नाहीतर अंधारात न दिसलेली फुटपाथची कड. शहरातल्या गाडीला पहिला मार बसतो तो बहुधा बंपरलाच. मग गॅरेजच्या दारातच निर्णय होतो. एक जण म्हणतो, "नवीनच टाका," आणि दुसरा म्हणतो, "पुट्टी मारून देतो, कळणारही नाही." दोन्ही सल्ले घाईचे असतात, कारण नुकसान खरोखर किती झालंय ते बाहेरून दिसतच नाही.

रंगवलेलं दिसतं ते नुसतं आवरण

पद्मिनी आणि अँबॅसिडरच्या काळात बंपर म्हणजे क्रोमचा मुलामा दिलेली पोलादी पट्टी असायची. ती वाकली की वाकलेली दिसायची. आजच्या गाडीत आपण ज्याला बंपर म्हणतो ते प्लास्टिकचं आवरण असतं. बहुतेक वेळा ते पॉलिप्रॉपिलीनचं असतं आणि लवचीकपणासाठी त्यात रबरासारखा घटक मिसळलेला असतो. पुष्कळ गाड्यांत आवरणाच्या मागे धक्का शोषणारा फोम असतो, त्यामागे धातूची आडवी बीम, आणि बीम व सांगाडा यांच्यामध्ये मार बसला की चुरगळावेत म्हणूनच बसवलेले छोटे डबे.

या प्लास्टिकचा एक गुण फसवा आहे. दाब सुटला की ते पुष्कळसं मूळ आकारात परत येतं. त्यामुळे बाहेरून नुसता ओरखडा दिसतो आणि आत बीम वाकलेली किंवा फोम तुटलेला असू शकतो. पुढच्या धडकेत प्रवाशांच्या वाट्याला येणारा जोर हेच आतले भाग कमी करणार असतात. म्हणून ठोकर जराही जोराची असेल, तर बंपर उतरवून आत बघायला सांगा आणि स्वतः समोर उभे राहा. बीम, फोम, सेन्सरच्या वायरी, पुढचा बंपर असेल तर रेडिएटर आणि एसीचा कंडेन्सर, एवढं बघून फोटो काढून ठेवा. वाकलेली बीम ठोकून सरळ करून घेऊ नका, ती बदलायचीच.

दुरुस्ती कुठवर चालते

चांगल्या कारागिराच्या हातात प्लास्टिकचा बंपर बराच वाचतो, आणि जो वाचतो तो वाचवलाच पाहिजे असं मला ठामपणे वाटतं. एवढा मोठा प्लास्टिकचा तुकडा एका चिरेसाठी भंगारात जाण्याचं कारण नाही. नुसता पोचा आला असेल, तर हीट गनने किंवा गरम पाण्याने प्लास्टिक मऊ करून आतून दाबलं की तो बाहेर येतो.

चीर गेली असेल तर प्लास्टिक वेल्डिंग लागतं. बंपरच्या आतल्या बाजूला प्लास्टिकची जात सांगणारी अक्षरं कोरलेली असतात. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, एबीएस म्हणजे निराळं प्लास्टिक. वेल्डिंगची कांडी त्याच जातीची हवी, नाहीतर सांधा धरत नाही. जाणता कारागीर चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडतो, म्हणजे ती पुढे सरकत नाही. मग चिरेला खाच करून कांडी वितळवून भरतो, आणि आतून तारेचे गरम टाके मारून वर पुन्हा प्लास्टिक चढवतो. झटपट चिकटणाऱ्या गोंदाने हे काम होत नाही. पॉलिप्रॉपिलीनला गोंद, पुट्टी आणि रंग सहजासहजी धरतच नाहीत. म्हणून रंगाआधी प्लास्टिकसाठीचा खास प्रायमर लागतो. तो वगळला की काही महिन्यांत रंगाचे पापुद्रे सुटतात. पत्र्यावरची कडक पुट्टीही इथे चालत नाही, कारण बंपर लवला की तिला तडे जातात.

तुकडाच गायब झाला असेल, किंवा फेंडरशी जोडणारे कान आणि लॉक दोन-तीन ठिकाणी तुटले असतील, तर दुरुस्तीचा हट्ट सोडावा. आवरणामागे रडार असेल तर त्याच्यासमोर पुट्टी, टाके किंवा रंगाचे जाड थर चालत नाहीत. बंपर बदलल्यावर रडारचं कॅलिब्रेशन करून घ्यावं लागू शकतं, ते आधीच विचारून घ्या.

बदलायचा तर

कंपनीचा, बाहेरच्या उत्पादकाचा आणि जुन्या गाडीवरून उतरवलेला, असे तीन पर्याय असतात. मुंबईत कुर्ल्याला किंवा पुण्यात नाना पेठेत स्वस्त माल मिळतो, पण घेण्याआधी क्लिपांच्या जागा आणि सेन्सरची भोकं जुन्या बंपरशी ताडून बघा. नवा बंपर बहुधा बिनरंगाचा येतो, तेव्हा दर विचारताना रंगासह विचारा. बंपर वाचावा म्हणून पुढे लोखंडी गार्ड मात्र लावू नका. केंद्राने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं. असा गार्ड धडकेचा जोर थेट सांगाड्यात नेतो, आणि समोरच्या पादचाऱ्याच्या जिवावर उठतो.

विम्याचा हिशेब

पॉलिसीत झिरो डेप्रिसिएशनचं (घसारा न कापण्याचं) कव्हर नसेल, तर प्लास्टिकच्या भागांवर 50 टक्के घसारा कापला जातो, गाडी कितीही नवी असली तरी. रंगाच्या बिलातला 25 टक्के भाग साहित्याचा धरतात आणि त्यातला निम्मा कापतात. शिवाय 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीचे 1000 रुपये आपले.

समजा बंपर 8000 रुपयांचा आणि रंगकाम 4000 चं. बंपरचे 4000 आणि रंगाचे 3500 मिळून 7500, त्यातून 1000 वजा. हाती 6500 आले. आता नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, बघा. तुम्ही 50 टक्क्यांवर असाल आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता सवलतीआधी 9000 असेल, तर पुढच्या वर्षी 4500 ची सवलत जाते. त्यापुढच्या वर्षी 50 ऐवजी 20 टक्केच मिळते, म्हणजे आणखी 2700. दोन वर्षांत 7200 गेले. छोट्या कामाला बरेचदा खिशातून पैसे देणंच परवडतं. बीम आणि रेडिएटरपर्यंत मार गेला असेल, तर मात्र क्लेम करायलाच हवा, आणि तोही काही खोलण्याआधी कंपनीला कळवून.

गाडी ताब्यात घेताना

रंग उन्हात बघा. मेटॅलिक आणि मोती छटेचा फरक ट्यूबलाइटखाली कळत नाही. बंपर आणि फेंडरमधली फट दोन्ही बाजूंना सारखी हवी. फॉग लॅम्प आणि रिव्हर्स सेन्सर तिथेच चालवून पाहा. पुढची नंबर प्लेट बंपरवर असेल तर तिच्याकडेही लक्ष द्या. उच्च सुरक्षा प्लेटचं लॉक एकदा काढलं की परत वापरता येत नाही. ती साध्या स्क्रूने लावून दिली असेल, तर अधिकृत केंद्रातून नवं लॉक बसवून घ्या.