ॲनिमेशनचा विद्यार्थी आणि वारली चित्रभाषा

ॲनिमेशन म्हणजे संगणक, ही समजूत विद्यार्थ्यांत दृढ आहे. वस्तुतः दादासाहेब फाळके यांनी १९१५ मध्ये 'आगकाड्यांची मौज' हा लघुपट काड्या किंचित सरकवून, चौकटीमागून चौकट टिपून साकारला. सेकंदाला २४ चौकटी धरल्या आणि प्रत्येक चित्र दोनदा टिपले, तरी मिनिटाला ७२० चित्रे लागतात. अशा श्रमात पात्राची रचना जितकी साधी, तितकी उपकारक. वारली चित्रातील माणूस पाहावा : टोकाशी जुळलेले दोन त्रिकोण, वर्तुळाचे डोके, रेषांचे हातपाय. ते टोक हीच जणू बिजागरी; वरचा त्रिकोण कलवला की माणूस वाकतो, नाचतो. तारपा नृत्याच्या वळत्या रांगेत तर एकाच नर्तकाच्या क्रमिक अवस्था मांडल्याचा भास होतो. गंजाडचे (२०१४ पर्यंत ठाणे, आता पालघर जिल्हा) जिव्या सोमा म्हसे यांची मूळ चित्रे प्रदर्शनात पाहावीत. छापील प्रतींत ही गती बरीच हरवते.

मात्र लग्नचौक हा विधी आहे. त्यातील पालघाट देवी हे हलते करण्याजोगे 'पात्र' नव्हे. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरून आलेल्या वारली विद्यार्थ्याला हा भेद बहुधा सांगावा लागणार नाही. इतरांनी आराखडा काढण्यापूर्वीच चौक लिहिणाऱ्या सवाशिणींना विचारावे.