स्मृतीची मर्यादा



स्मृतिव्याख्यानात मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने संगणकाच्या स्मृतीविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. कारण घरचेच आहे. उधन्यात यंत्रमागांवर आलेल्या खानदेशी कुटुंबांकडून मी वर्षानुवर्षे अहिराणी शब्द टिपले. ते जतन करण्यासाठी नातीने संगणकावर दोन ‘कंटेनर’ योजिले. एकात शब्दसंग्रह होता, दुसऱ्यात जुन्या वह्यांची छायाचित्रे वाचणारी आज्ञावली. एके रात्री वाचनाने सारी स्मृती व्यापली. वाचनाचे काम अनेक लहान प्रक्रियांत विभागलेले होते, तर शब्दसंग्रहाची प्रक्रिया एकटीच मोठी होती. लिनक्सने तीच बंद पाडली. एका आजींनी सांगितलेले, थेट संगणकावर उतरविलेले आणि अद्याप साठवायचे राहिलेले शब्द त्यात गेले.

कंटेनर म्हणजे स्वतंत्र संगणक नव्हे. चाळीत खोल्या वेगळ्या, पण पाण्याची टाकी एकच, तसे ते आहे. मर्यादा न घातल्यास एक बिऱ्हाड सारी टाकी उपसू शकते. ही मर्यादा घालणारी ‘सीग्रुप’ नावाची सोय लिनक्समध्ये 2008 साली आली. तिच्या स्मृतिनियंत्रकाच्या कर्त्यांत आयबीएमचे बलबीर सिंग हे प्रमुख होत.

स्मृती अपुरी पडली की तिचा काही भाग डिस्कवर हलविला जातो. यास ‘स्वॅप’ म्हणतात. तो उपयुक्त खरा, परंतु अतिशय मंद. येथे डॉकरमध्ये एक गफलत संभवते. त्यातील ‘मेमरी-स्वॅप’ हा आकडा केवळ स्वॅपचा नसून स्मृती व स्वॅप यांची बेरीज असतो. मेमरी 512 एमबी आणि मेमरी-स्वॅप 768 एमबी दिल्यास स्वॅप 256 एमबीच मिळतो. दोन्ही आकडे समान ठेवल्यास स्वॅप मिळतच नाही. दुसरा आकडा गाळल्यास मात्र स्मृतीइतकाच स्वॅप आणखी वापरता येतो. सीग्रुपच्या दुसऱ्या आवृत्तीत, म्हणजे 2016 पासून, लिनक्स स्वतः स्वॅपची मर्यादा निराळी मोजते.

मर्यादा घातलेला कंटेनर ती ओलांडू लागला, तर लिनक्स प्रथम परत घेता येईल तेवढी स्मृती परत घेते. तरीही न भागल्यास त्याच कंटेनरमधील प्रक्रिया बंद करते. बहुधा 137 हा निर्गमनांक त्याची खूण असतो. शेजाऱ्यास झळ पोहोचत नाही.

नातीने आता वाचनाच्या कंटेनरला मर्यादा घातली आहे, आणि प्रत्येक शब्द येताच साठविला जातो. त्या आजी मात्र आज नाहीत. म्हणून विद्यार्थ्यांस सांगणे एवढेच की, मर्यादा आधी घालावी.