दारातले पाणी

कसालला मुंबई-गोवा महामार्ग सोडून मालवणचा रस्ता फुटतो. त्या रस्त्याच्या जवळच माझे घर आहे आणि दारात एक जुनी, सेकंड हँड घेतलेली मोटार. गावोगाव हिंडून दशावतारातली जुनी पदे, हिशेबाच्या वह्या, पत्रे गोळा करायची, हा माझा अनेक वर्षांचा उद्योग. त्यातली पदवी माझ्याकडे नाही, कुणी मार्गदर्शकही नव्हता. गाडी हीच माझी कचेरी. दोन वर्षांपूर्वी जुलैत एका कुटुंबाने विश्वासाने दिलेली पदांची वही मी कापडी पिशवीत घालून मागच्या सीटच्या पायाशी ठेवली आणि रात्री उतरवून घ्यायला विसरलो. सकाळी पिशवी उचलली तर तिच्यातून पाणी ठिबकत होते. अकरा पानांवरची शाई पसरून नुसते निळे ढग उरले होते.

त्या घरच्या आजींना काय सांगायचे, हा पहिला प्रश्न. दुसरा असा, की काचा बंद, दारे बंद, मग पाणी आत आले कुठून? पहिल्याचे उत्तर द्यायचे धैर्य होईना, म्हणून मी दुसऱ्याच्या मागे लागलो. वाचकांना हा विषय दिवाळी अंकाच्या मानाने जरा ओशाळवाणा वाटेल. पण कोकणात मोटार असलेल्या बहुतेक घरांना पावसाळ्यात हा कुबट वास ठाऊक असतो.

आधी पावसाचा अंदाज घेऊ. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. सिंधुदुर्गात पावसाळ्यात साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. मोटारीचे टप दोन चौरस मीटरचे धरले, तर उघड्यावर उभ्या गाडीच्या नुसत्या टपावर एका पावसाळ्यात सहा हजार लिटर पाणी पडते. त्यातले बरेचसे काचांवरून खाली दारांपाशीच येते.

आता माझी चूक सांगतो. आदल्या वर्षीच मागच्या डाव्या दाराखालचे कार्पेट ओले लागत होते. मी वाकून पाहिले तर दाराच्या खालच्या कडेला लांबट भोके होती आणि त्यांतून पाणी गळत होते. मला वाटले, चोर सापडला. बाजारातून सिलिकॉनची नळी आणली आणि सगळी भोके बुजवली. नंतर दार उघडताना आतून डुबुक डुबुक आवाज येऊ लागला, त्याकडे मी लक्ष दिले नाही. वही भिजली त्यानंतर ओळखीच्या मिस्त्रींनी दाराला कान लावला, भोकांकडे पाहिले आणि म्हणाले, "भाऊनू, पाणी थांबवूक बघू नकात. तेका जावक वाट देवा."

एवढ्या वाक्यात सगळे शास्त्र आले. मोटारीचे दार पाणी अडवण्यासाठी केलेले नसते. बाहेरचा पत्रा आणि आतला पत्रा यांच्यामध्ये पोकळी असते आणि काच खाली घेतली की ती त्या पोकळीत उतरते. काच जिथून आत शिरते तिथे रबराची पट्टी असते, पण ती काच पुसते, पाणी पूर्ण अडवत नाही. म्हणजे प्रत्येक पावसात दाराच्या पोटात पाणी जाते आणि ते जाणार हे धरूनच दार घडवलेले असते. आतल्या पत्र्यावर, डोअर पॅडच्या मागे, काळ्या चिकट ब्यूटिल रबराने एक प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. आत आलेले पाणी त्या कागदावर आपटून पोकळीतच खाली उतरते आणि तळच्या भोकांतून रस्त्यावर जाते. मी तीच भोके बुजवली होती. पाणी दारात साचले, कागदाच्या खालच्या कडेपर्यंत चढले आणि पॅडमागून कार्पेटवर आले. गाडीचा बाहेरचा पाऊस वहीपर्यंत मीच पोचवला होता.

आपल्या कौलारू घराची रीत वेगळी नाही. कौलांच्या खाली थोडे पाणी झिरपते हे घर बांधणाऱ्याला ठाऊक असते. तो उतार देतो, पागोळ्या भिंतीपासून दूर पडतील अशी वळचण काढतो, झड येते त्या बाजूला झाप बांधतो. पाण्याशी झुंज न घेता त्याला सांगितलेल्या वाटेने जाऊ द्यायचे. माझ्या आजोबांना हे कळत होते. मी मात्र सिलिकॉन घेऊन बसलो.

आमच्याकडे ही भोके आपोआपही बुजतात. जांभ्याची तांबडी धूळ, पानांचा चुरा यांचा चिखल होऊन तळाशी बसतो. कुंभारीण माशीला अशी भोके घरट्यासाठी आवडतात. म्हणून मे महिन्याच्या शेवटी, पहिल्या पावसाआधी, प्रत्येक दाराखालची भोके झाडूच्या हिराने मोकळी करावीत. याला पैसे लागत नाहीत.

दुसरा संशयित म्हणजे दाराच्या चौकटीभोवतीचे रबर. गॅरेजमध्ये त्याला बीडिंग म्हणतात. जुने रबर झाडाच्या चिकाचे असे. सावंतवाडी-दोडामार्गकडे त्या झाडांच्या बागा आता आपण पाहतो. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये गंधक आणि उष्णता वापरून ते टिकाऊ केले, तरी ऊन आणि हवेतला ओझोन यांनी त्याला चिरा पडतात. आजचे बीडिंग बहुधा ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचे असते. ते ऊन-पाऊस चांगला सोसते, पण पेट्रोल, डिझेल, ग्रीस लागले की फुगते आणि सैल पडते. चकाकी यावी म्हणून बीडिंगवर डिझेलचा बोळा फिरवणे म्हणजे त्याचे आयुष्य कमी करणे. साध्या पाण्याने पुसावे आणि लावायचेच तर सिलिकॉनचे वंगण थोडेसे लावावे.

बीडिंग आतून पोकळ असते. दार लागले की ते दबते आणि फट भरते. दबताना आतली हवा निघून जावी म्हणून त्याला बारीक छिद्रे ठेवलेली असतात. त्यांना दोष समजून बुजवू नये. वर्षानुवर्षे दबून रबराची उसळी गेली, की ते चपटेच राहते. हे ओळखायला कागदाची एक पट्टी घ्यावी, चौकटीवर धरून दार लावावे आणि ओढून पाहावी. सगळीकडे सारखी अडकली तर रबर ठीक. एखाद्या ठिकाणी अलगद निसटली तर तिथे फट आहे. पण लगेच नवे रबर घेऊ नये. बिजागरी झिजून दार खाली आले असेल, किंवा खांबावरची खुंटी, जिच्यात दाराचे कुलूप अडकते, ती बाहेर सरकली असेल. खुंटीभोवती पेन्सिलीची खूण करून ती केसभर आत घेतली, तर बरेचदा काम होते.

यांपैकी नेमका दोष कोणता, ते शोधायला क्रम पाळावा लागतो. पाणी शिरते एकीकडे आणि दिसते दुसरीकडे, कारण ते वायरी आणि पत्र्याच्या कडा धरून चालते. आधी कार्पेट उचलून गाडी पूर्ण वाळवावी. मग एकाने विजेरी घेऊन आत बसावे आणि दुसऱ्याने बाहेरून पाइपाने पाणी सोडावे. जोर नको, नुसती धार. सुरुवात खालून करावी आणि प्रत्येक भागावर पाच मिनिटे देत वर चढावे. वरून सुरू केले तर पाणी सगळ्या जागा एकदम भिजवते आणि काहीच कळत नाही. दुसरी रीत मला जास्त आवडते. काचा बंद करून, बाहेरची हवा आत घेणारा पंखा पूर्ण जोरात लावावा आणि बाहेरून फटींवर साबणाचे पाणी फासावे. हवा निसटते तिथे बुडबुडे येतात.

पुढच्या सीटच्या पायाशी ओल असेल तर दाराला दोष देण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. काचेखालच्या खाचेत पाने साचून तिथली निचऱ्याची वाट बुजलेली असते. किंवा एसीची पाणी सोडणारी नळी तुंबलेली असते. पाऊस नसताना, नुसता एसी चालवून ओल आली, तर ती एसीची.

माझ्या दाराचे पॅड काढले तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. कधीतरी काचेची मोटर दुरुस्त करताना प्लास्टिकचा कागद फाडला होता आणि तो तसाच लोंबत ठेवला होता. आमच्या भागातल्या मिस्त्रींशी बोलल्यावर कळले, की स्पीकर किंवा मोटरच्या कामानंतर हे सर्रास होते. आम्ही जाड प्लास्टिक कापून ब्यूटिलच्या पट्टीने बसवले आणि खालची कड दाराच्या पोटात वळवून सोडली. ती बाहेर राहिली तर सगळी मेहनत फुकट, कारण पाणी तिच्यावरून थेट पॅडमध्ये येते. भोकांतले सिलिकॉन काढले तेव्हा खाली चहाच्या रंगाचे पाणी सांडले. दाराची तळची कड गंजून चाळणी झाली होती. ती कापून नवी पट्टी जोडावी लागली. कार्पेटखालच्या वायरींचे जोड हिरवे पडू लागले होते, ते वेळेत दिसले हे नशीब.

वही मी सावलीत, पानांमध्ये टिपकागद घालून आठवडाभर वाळवली. अकरा पानांपैकी चार पाने उजेडाकडे तिरकी धरून वाचता आली. ती उतरवून घेतली आणि मग आजींकडे गेलो. झाले ते सांगितले, माझ्या सिलिकॉनसकट. त्या बराच वेळ वही चाळत राहिल्या. मग उरलेल्या सात पानांतली तीन पदे त्यांनी तोंडपाठ म्हणून दाखवली आणि मी ती लिहून घेतली. चार पाने मात्र गेली. त्यांवर काय होते हे आता त्यांनाही आठवत नाही.

आता वह्या मी पत्र्याच्या डब्यात नेतो आणि रात्री गाडीत काही ठेवत नाही. आणि पाऊस थांबला, की दाराखाली वाकून पाहतो. तिथून पाणी गळताना दिसले, की बरे वाटते.